शिवडीचा इंटरचेंज झाला, बीडची रेल्वे का रखडली?

लातूरकर: नवी मुंबईकडून समुद्रावरून येणारा अटल सेतू मुंबईत शिवडीला उतरतो, तिथला इंटरचेंज, म्हणजे रस्ते जोडणारे एकावर एक चढलेले रॅम्प, परवा पाहिले. काम उत्तमच आहे. पण हिशेब बघा. २१.८ किलोमीटरचा सेतू, १७,८४० कोटी खर्च, २०१८ ला काम सुरू, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन. आता शिवडी ते वरळी उन्नत रस्ताही हाती घेतलाय. आणि आपल्या मराठवाड्याची अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे? २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ ची. बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. परळीचा टप्पा तेव्हाही बाकीच. राजधानीला सहा वर्षं आणि आपल्याला तीस, हा अन्याय आहे.

मोसंबीवाला, जालना: दादा, दोन वेगळ्या तिजोऱ्या एकत्र करताय. सेतू एमएमआरडीएचा, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, त्याला जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज. कारला एका फेरीचा टोल २५० रुपये. रेल्वे केंद्राची, निम्मा वाटा राज्याचा. शिवडीला एक खांब उभा राहिला नसता तरी बीडचे रूळ पुढं सरकले नसते.

लातूरकर: तिजोरी वेगळी असेल, पण त्या कर्जाला हमी सरकारचीच ना? मुंबईसाठी कर्ज काढायची, मुदतीत काम उरकायची धमक दिसते. राज्याच्या निम्म्या वाट्यासाठी मात्र आपण वर्षानुवर्षं मोर्चे काढायचे?

परभणीची लेक: मला हा इंटरचेंज परका वाटत नाही. काकूंना परळला टाटा रुग्णालयात न्यायचं होतं. पुण्याकडून येताना वाशी-मानखुर्दची कोंडी टळली, शिवडीला उतरलो की परळ जवळच. केमो घेऊन परतणाऱ्या माणसाला गाडीत तासभर कमी बसावं लागणं म्हणजे काय, ते सोबत असणाऱ्यालाच कळतं. त्या रस्त्यावर आपलाही हक्क आहे.

लातूरकर: ताई, काकूंना बरं वाटो. पण परळपर्यंत जावंच का लागतं? संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथं डॉक्टर, यंत्रं वाढवा.

परभणीची लेक: वाढवायलाच हवीत. तोवर पेशंटनं थांबायचं का? आजच्या रुग्णाला आजच रस्ता लागतो.

गोदाकाठ: तुम्ही दोघंही पुलावर अडकलात. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिलेली तूट, मोजून राज्यपालांपुढं मांडणारी ती जागा होती. मुंबईचे रॅम्प मोजण्यापेक्षा मंडळ परत मागा.

मोसंबीवाला, जालना: मंडळ १९९४ पासून होतं. तेव्हा तरी अनुशेष कुठं भरला? समृद्धी महामार्गानं जालन्याचा माल मुंबईला लवकर पोचतो, तसे रस्ते मागा.

गोदाकाठ: मंडळ होतं म्हणून निदान आकडे तरी समोर यायचे. आता आमदारानं विचारायचं म्हटलं तरी कशाच्या आधारावर?