मदत हवी आहे : लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्णभेद, १९८४ नंतरचे कागद

१९७७च्या दार-एस-सलाम अधिवेशनात फेडरेशनने (जगभरच्या लुथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट चर्चची संघटना) दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद (अपार्थाइड) नाकारणं हा थेट श्रद्धेचाच प्रश्न ठरवला. १९८४ला बुडापेस्टमध्ये दक्षिण आफ्रिका आणि आजच्या नामिबियातल्या दोन गोऱ्या चर्चचं सदस्यत्व निलंबित केलं. (ठराव करून गप्प बसणाऱ्या संघटना पुष्कळ, इथे कृती झाली, म्हणून हा विषय घेतला.)

बुडापेस्टचा इंग्रजी अहवाल वाचून झालाय, निलंबनाचा ठराव हाती आहे. अडलंय ते पुढे. वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसचा वर्णद्वेषविरोधी निधी हा वेगळा विषय, तो नकोय. जर्मन येत नाही. इंग्रजी चालेल, धूसर स्कॅनसुद्धा. निलंबन उठवताना या दोन चर्चना नेमक्या कोणत्या अटी घातल्या होत्या, आणि तो निर्णय कुठल्या कागदात सापडेल?