एडीएचडीचं निदान झालंय, विभागात किती सांगायचं?

दांडियाबाजारची
मी बडोद्यात एमएस्सी करतेय, रसायनशास्त्र, दुसरं सेमिस्टर. श्रावणात एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही त्या विकाराचं, निदान झालं, वयाच्या २२ व्या वर्षी. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून होती का ते बघायला डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली. आईनं माळ्यावरच्या ट्रंकेतून काढून दिली. चौथीत बाईंनी लिहिलंय, ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते.’ पाचवीत तेच, सहावीतही तेच. इतकी वर्षं मी स्वतःला आळशी म्हणत आले.

त्यावरचं औषध, मेथिलफेनिडेट, सुरू आहे. टायट्रेशनमध्ये ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रव सोडायचा आणि रंग बदलला की लगेच थांबायचं असतं. आधी ब्युरेटकडे बघता बघता मन कुठेतरी जायचं, आणि भानावर यायचे तेव्हा फ्लास्कमधला फिका गुलाबी रंग पार गडद झालेला असायचा. तीन-तीनदा पहिल्यापासून करायचं. आता शेवटचे थेंब एकेक करून सोडता येतात.

पण मधल्या काळात दोन जर्नल्स, म्हणजे प्रयोगवह्या, द्यायच्या राहिल्या. मुदत वाढवून हवी तर मेडिकल सर्टिफिकेट आणा म्हणतात. गेल्या वर्षी खिडकीवर एका मुलाचं सर्टिफिकेट कारकुनांनी रांगेसमोर मोठ्यानं वाचलं होतं, ‘मानसोपचार’ या शब्दासकट. संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गाला माहीत. तो मुलगा नंतर महिनाभर मागच्या बाकावर एकटा बसायचा. मी त्याच्या पुढेच उभी होते, म्हणून मला भीती वाटते.

घरात फक्त आईला माहीत आहे. आजी, काका-काकू एकाच वाड्यात. गल्लीतले मेडिकलवाले काका आजीच्या बीपीच्या गोळ्या घरी आणून देतात, त्यांच्याकडे माझी चिठ्ठी न्यायची हिंमत होत नाही. स्टेशनजवळून औषध आणते. कुणी यातून गेलंय का?

फार्मसिस्ट_रावपुरा
ताई, गल्लीतल्या दुकानाची काळजी सोडा, त्यांच्याकडे हे औषध बहुधा नसेलच. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत, येतं. ते विकायला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक आम्ही दोन वर्षं जपून ठेवतो. तेव्हा तुमचं नाव कुठेतरी कागदावर राहणार, हे धरून चाला. एकच दुकान ठरवा आणि तिथेच जा, दहा ठिकाणी प्रती राहायला नकोत. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी या, हा माल पटकन येत नाही. आणि मैत्रिणीनं परीक्षेपुरती एखादी मागितली तरी देऊ नका. कुणाच्या हृदयाला, कुणाच्या बीपीला ती चालत नाही.

निवृत्त_प्राध्यापिका
बाळ, मी तीस वर्षं शिकवलं, विभागप्रमुखही होते. मुदत द्यायला आम्हाला आजाराचं नाव कधीच लागलं नाही, तारखा लागायच्या. डॉक्टरांना सांग, ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत माझ्या उपचाराखाली होती, काम वेळेत पूर्ण करणे शक्य नव्हते’ एवढंच लिहा. मात्र लेटरहेडवर वरच ‘मानसोपचारतज्ज्ञ’ छापलेलं असतं, तिथेच घोटाळा होतो. म्हणून कागद खिडकीवर देऊच नकोस. बंद पाकिटात घाल, वर ‘गोपनीय’ लिही आणि विभागप्रमुखांच्या हातात दे. अर्जात फक्त ‘वैद्यकीय कारणास्तव, पत्र सोबत’ असं असू दे. पोच अर्जाच्या प्रतीवर घे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ नं उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुला दिलाय. काही अपवाद सोडले तर तुझ्या डॉक्टरांना ती बाहेर सांगता येत नाही. पण ते बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे, खिडकीतल्या माणसावर थेट नाही. म्हणून त्याच्या हातात काय पडतं ते तू ठरव.

परीक्षेत जादा वेळ हा वेगळा विषय आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही. लिहिण्या-वाचण्याचीही अडचण असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घे, ती यादीत आहे. तशी अडचण नसेल तर जादा वेळेच्या आशेनं सगळं उघड करू नकोस.

त्या मुलाशी बोललीस का गं?

सेव_उसळ_प्रेमी
मलाही आहे. एक सांगतो, चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये ठेवू नकोस. आमच्याकडे घरचे फोटो टीव्हीवर आपोआप फिरतात. दिवाळीत मामा फराळाला बसले होते आणि समोर माझी चिठ्ठी, औषधाच्या नावासकट. आईनं पटकन टीव्ही बंद केला, पण मामांनी वाचलं होतं.

अभ्यासाचं म्हणशील तर मला घरी एकट्यानं जमत नाही. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जातो, एक मित्र समोर बसतो, तो त्याचं करतो, मी माझं. बोलायचं नाही. तेवढ्यानंही मी दोन तास जागेवर बसतो. फोनवर गोळीची आठवण ‘पाणी भर’ या नावानं लावलीय.

दांडियाबाजारची
मॅडम, सोमवारी पाकीट घेऊन गेले. सरांनी उघडलं, वाचलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं. एवढंच विचारलं, “जर्नल कधी देशील?” गुरुवारी म्हटलं. तीन प्रयोग लिहायचे उरलेत.

त्या मुलाशी आज बोलले. उद्या दोघं सेंट्रल लायब्ररीत बसतोय.