जिंकून तोटा होत असेल तर?

मुद्दाम सामना हरणारा खेळाडू बेइमान असतो का, या चर्चेत दोघातिघांनी त्याला सरळ बेइमान ठरवून टाकलंय. पण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधली महिला दुहेरी बॅडमिंटन आठवा. चीनची एक जोडी डेन्मार्ककडून हरून गटात दुसरी आली (गटातल्या पहिल्या दोन जोड्या पुढे जायच्या). आता चीनचीच दुसरी जोडी, वांग शाओली-यू यांग, आपल्या गटातला शेवटचा सामना जिंकली असती, तर अंतिम फेरीआधीच आपल्याच देशाच्या जोडीशी गाठ पडणार. मग काय, सर्व्हिस जाळ्यात, शटल बाहेर! समोरच्या कोरियन जोडीनेही तोच कित्ता गिरवला. पहिल्या गेममधली सर्वांत लांब रॅली चार फटक्यांची. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि या दोन धरून असे खेळलेल्या एकूण चार जोड्या दुसऱ्या दिवशी बाद.

त्याच स्पर्धेत आपल्या ज्वाला गुट्टा-अश्विनी पोनप्पा एका गुणाने उपांत्यपूर्व फेरीला मुकल्या. त्यांच्या गटातल्या जपान-चिनी तैपेई सामन्यात जपान मुद्दाम हरल्याचा संशय होता, पण भारताने केलेली तक्रार फेटाळली गेली. (तो राग अजून आहेच.)

तरी माझ्या मते निम्मा दोष ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याची मांडणी) आखणाऱ्यांचा. ऑलिंपिक बॅडमिंटनमध्ये साखळी फेरी त्याच वर्षी आणलेली. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी नियम बदलला: गटात दुसऱ्या आलेल्या दुहेरी जोड्यांसाठी नव्याने चिठ्ठ्या. म्हणजे हरून पुढे कोण वाट्याला येईल, ते आधी कळायचंच नाही.