ह्यूमन सेंटर्ड इंजिनिअरिंग शिकून पोट भरतं का?

घोडबंदरची सून
काल इथे एकाने लिहिलं की "ह्यूमन सेंटर्ड, सस्टेनेबल वगैरे इंजिनिअरिंग म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचं फॅड, मुलांना गपचूप कॉम्प्युटरला घाला", आणि त्यावर लाईकचा पाऊस. मला राहवत नाहीये म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई व्हीलचेअरवर आहेत. आमच्या टॉवरला रॅम्प आहे, कागदोपत्री सगळं ओके. पण एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते हा साधा नियम, इथे जेमतेम पाच फुटांत उरकलाय, वर गुळगुळीत ग्रॅनाइट आणि रॅम्प संपतो तिथे चार बोटांची पायरी! पावसात वॉचमनदादा आणि मी मिळून खुर्ची उचलतो. हे ज्याने काढलं तो डिग्रीवाला इंजिनिअरच ना? वापरणारं माणूस कोण हे त्याला चार वर्षांत कुणी विचारायला शिकवलं नाही, आणि ह्यूमन सेंटर्ड कोर्स नेमकं तेच शिकवायला निघाले की तुम्ही फॅड म्हणता.

ऐरोली सेक्टर आठ
ती पोस्ट माझीच. ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण तो बिल्डरने जागा वाचवल्याचा त्रास आहे, अभ्यासक्रमाचा नाही. नियम होताच, पाळला नाही. त्यासाठी वेगळी डिग्री कशाला? पर्यावरणाचा पेपर सगळ्यांना आहेच, पोरं आदल्या रात्री वाचून पास होतात. माझा पुतण्या असलंच काहीतरी करून आला, कॅम्पसला कंपन्यांना ब्रँचचं नावच कळेना, शेवटी कोडिंगचा क्लास लावून नोकरी धरली. लोनचा हप्ता त्याचा बाप भरतोय, तुम्ही नाही.

पवईचा माजी विद्यार्थी
काका, आयआयटी बॉम्बेत सितारा हे खेड्यांसाठीच्या तंत्रज्ञानाचं केंद्र 1985 पासून आहे, तिथे टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंटचं एमटेक होतं, पोरं गावात जाऊन राहतात. चाळीस वर्षं चालणाऱ्या गोष्टीला फॅड म्हणत नाहीत.

ऐरोली सेक्टर आठ
आयआयटीचा शिक्का असला की काहीही चालतं. गल्लीतल्या कॉलेजचं बोला.

बेलापूर खाडीकाठ
डिग्रीचं राहू द्या, नवी मुंबईचे होल्डिंग पॉन्ड बघा. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली, म्हणून ही तळी केली. भरतीला झडप बंद, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. डिझाइन एक नंबर. पण गाळ साचला, त्यात कांदळवन उगवलं, आणि आता ते हलवायचं तर हायकोर्टाची परवानगी, 2018 चा निकालच आहे. दर पावसाळ्यात सेक्टर तुंबतात. तळं खोदताना पुढची पन्नास वर्षं गाळ कोण काढणार हे ठरवायचं कुणी?

आगरी पोर
दादा, हे डिझाइन आमच्या खारबांधाचंच आहे, म्हणजे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधाचं. बांधाला उघाडी असायची, लाकडी झडप, भरतीच्या दाबाने आपोआप मिटायची, ओहोटीला उघडायची. आजोबा उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर जायचे, कुठे खेकड्याने भोक पाडलंय का बघायला, आणि सकाळी सगळा गाव चिखल घेऊन लिंपायला हजर. शहर वसवताना जमिनी घेतल्या, बांध गेले, ते राखणारी माणसं गेली, 1984 ला जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. आमच्या म्हाताऱ्यांना कुठल्या इंजिनिअरने विचारलं होतं का पाणी कुठून शिरतं?

ऐरोली सेक्टर आठ
झालं, प्रत्येक धागा साडेबारा टक्क्यांवर आणायचाच. पोरांच्या करिअरचं चाललंय इथे.

आगरी पोर
आमच्याच शेतावर सेक्टर आठ बसलाय काका, म्हणून आणतो! आणि विषय तोच आहे. माणसांना विचारून काम करायचं, हेच शिकवतात ना त्या कोर्सात?

रिटायर्ड सिव्हिल, ठाणे पूर्व
दोघेही शांत व्हा. तीस-पस्तीस वर्षं साइटवर काढली. गाळ का काढला जात नाही माहितीये? बांधायला पैसा मिळतो, बजेटमधलं देखभालीचं खातं रिकामं. भातसा धरण शहापूर तालुक्यात, पाणी मुंबई-ठाण्याला, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर. ही काय इंजिनिअरिंगची चूक आहे? पाणी कुणाला द्यायचं हा राजकीय निर्णय. बावीस वर्षांची पोरगी डिग्री घेऊन तो फिरवणार का?

घोडबंदरची सून
फिरवणार नाही काका, पण पाड्यावर हंडा घेऊन चालणारी बाई तिच्या नकाशात तरी येईल. आज ती येतच नाही. आणि बिल्डरने पाच फुटांचा रॅम्प मागितला तर सही करायला नाही म्हणेल.

रिटायर्ड सिव्हिल, ठाणे पूर्व
सही नाकारणाऱ्याची बदली होते, मी बघितलंय. पण ठीक आहे, निदान नाही म्हणायचं असतं हे तरी कळेल.

ऐरोली सेक्टर आठ
एवढं मान्य करतो की हा विषय प्रत्येक ब्रँचला हवा, आणि खरा, साइटवर नेऊन, पाठांतराचा नाही. वेगळी डिग्री मात्र नाहीच. माझी मुलगी कॉम्प्युटरलाच जाणार, फी मी भरतोय.

पवईचा माजी विद्यार्थी
मुलीला विचारलंत का?

ऐरोली सेक्टर आठ
तिला सिव्हिल हवंय. घरात गेला महिनाभर तेच भांडण चालू आहे.

आगरी पोर
काका, येत्या उधाणाला तिला बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या बाजूला पाठवा, एक जुनी उघाडी अजून शाबूत आहे, मी दाखवतो.