भाडे म्हणजे बुडीत पैसे? एका उपदेशाला उत्तर

मुठाकाठ

गेल्या आठवड्यात या चर्चामंचावरील एका सदस्याने लिहिले होते की, 'पस्तिशी उलटल्यावरही जो भाड्याने राहतो तो आयुष्यभर दुसऱ्याचा हप्ता भरत असतो. एक तर त्याला हिशेब कळत नाही किंवा त्याला जबाबदारी नको असते.' त्या लेखाखाली जमलेली वाहवा वाचून मी दोन दिवस गप्प राहिलो. आता सविस्तर उत्तर देतो, कारण हिशेब मलाही येतो.

मी कोथरूडमध्ये ज्या इमारतीत राहतो तेथे माझ्याएवढाच टू बीएचके फ्लॅट अलीकडेच 1 कोटी 10 लाखांना विकला गेला. माझे भाडे महिना 30 हजार, म्हणजे वर्षाला 3 लाख 60 हजार, म्हणजेच किमतीच्या जेमतेम सव्वातीन टक्के. तोच फ्लॅट घ्यायचा तर 80 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढावे लागेल. त्याचा हप्ता 69 हजारांच्या वर जातो आणि पहिल्या वर्षाचे नुसते व्याज पावणेसात लाखांच्या आसपास होते. उरलेले 30 लाख खिशातून द्यायचे, शिवाय 7 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 7 लाख 70 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार वेगळे. भाडे बुडते असे म्हणणाऱ्यांनी हे व्याज आणि हे शुल्क कोणत्या बँकेत जमा होते तेही सांगावे.

माझी तक्रार भाड्याच्या रकमेविषयी नाही. भाड्याने राहणे परवडते, पण ते कधी परवडेनासे होईल हे आपल्या हातात नसते. करारात 5 टक्के वाढ लिहिलेली असते, परंतु ती करार चालू असेपर्यंतच. अकरा महिने संपले की मालक 'बाजारभाव' हा शब्द काढतो. 2022 मध्ये कचेऱ्या पुन्हा भरू लागल्यापासून बाणेर, वाकड आणि खराडीकडे जी भाडेवाढ झाली ती आता जुन्या पुण्यातही होत आहे, आणि त्याचे एक कारण सहसा कोणी बोलत नाही. डिसेंबर 2020 ची बांधकामाची नवी विकास नियमावली आल्यापासून कोथरूड, एरंडवणे आणि सहकारनगर येथील जुन्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. एक इमारत रिकामी झाली की वीस-पंचवीस कुटुंबे मुलांच्या शाळेपायी त्याच गल्लीत घर शोधतात, आणि त्यांचे भाडे बिल्डर भरणार असल्यामुळे ती घासाघीस करीत नाहीत. माझ्या मालकाने मला 22 हजारांवरून थेट 30 हजारांचा आकडा सांगितला तेव्हा त्याच्यापाशी असेच एक कुटुंब तयार होते.

मी मान्य केले. पुढच्या रविवारी कराराची नोंदणी करून देणारा एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला. मालकाच्या वयस्कर वडिलांचा अंगठा यंत्राला काही केल्या पटेना; कधी पाण्याचा हात, कधी तेलाचा हात, मग पुन्हा कोरडा. त्या अर्ध्या तासात आम्ही सर्वांनी मिळून चहा घेतला आणि आठ हजारांच्या वाढीविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

हप्तेवाला

ज्या लेखाचा आपण समाचार घेतला आहे तो माझाच असल्यामुळे उत्तर देणे भाग आहे. आपला हिशेब पहिल्या वर्षापुरता बरोबर आहे. आपण तो पंधराव्या वर्षी मांडून दाखवावा. मी 2010 मध्ये वाकडला घर घेतले तेव्हा मित्रांनी मला असाच सव्वातीन टक्क्यांचा हिशेब ऐकवला होता. आज माझा हप्ता त्याच इमारतीतील भाड्यापेक्षा कमी आहे आणि त्या मित्रांपैकी दोघे अजून दर दोन वर्षांनी टेम्पो बोलावतात. भाडे चढत जाते, हप्ता तेथेच राहतो. एवढे साधे गणित मांडायला अंगठ्याचे यंत्र लागत नाही.

मुठाकाठ

हप्ता तेथेच राहतो हे खरे, कारण बँक हप्त्याऐवजी मुदत वाढवते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा माझ्या कचेरीतील एका सहकाऱ्याचे कर्ज त्याच्या निवृत्तीच्या पलीकडे सरकले आणि त्याला ते बँकेच्या ॲपवर दिसले. आपण 2010 च्या भावात घर घेतलेत याबद्दल आपले अभिनंदन. तो भाव आज कोठे मिळतो तो पत्ता द्यावा, म्हणजे मीही लगेच जबाबदार होईन.

कर्वेनगरची मालकीण

या चर्चेत घरमालक म्हणजे पोटे सुटलेले सावकार असावेत असे चित्र उभे राहिले आहे, म्हणून लिहिते. माझ्या यजमानांची खाजगी नोकरी होती, त्यामुळे मला निवृत्तिवेतन नाही. एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे आणि त्याच पैशावर माझे औषधपाणी चालते. हाती 26 हजार येतात असे लोक म्हणतात, पण जातात किती ते कोणी विचारत नाही. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात जी 40 टक्के सवलत मिळते ती घर भाड्याने दिले की जाते. देखभालीचा खर्च माझा. मागचे भाडेकरू घर सोडून गेले तेव्हा मुलांच्या खोलीतील भिंतीवर चिकटवलेले चंद्र-तारे काढताना प्लास्टरचे पापुद्रे निघाले. मी अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापले तर त्यांनी मला व्हॉट्सॲपवर कायदा शिकवला. आणि यावर सोसायटी माझ्याकडून दर महिन्याला बिनभोगवटा शुल्क, म्हणजे स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दलचे शुल्क, घेते ते वेगळेच. वाढ मागितली की मी लोभी, आणि ही सर्व वजाबाकी सोसली की मी कोण?

सचिव (मानद)

ताईंनी शुल्काचा विषय काढलाच आहे तर एका सोसायटीचा सचिव म्हणून दुसरी बाजू मांडतो, कारण ती मांडायला कोणीच धजावत नाही. आमच्या इमारतीतील निम्म्याहून अधिक घरे भाड्याने दिलेली आहेत. मालक बाणेरला किंवा बोस्टनला. सर्वसाधारण सभेला गणपूर्ती होत नाही, पाण्याचा टँकर मागवायचा तर फोन उचलत नाहीत, आणि भाडेकरू म्हणतो की मालकाला विचारा. लिफ्टमधून सोफा चढवताना आरसा फुटला तर ती भरपाई कोणाकडून घ्यायची? त्यामुळे भाडेकरू ठेवण्यापूर्वी समितीची संमती घ्यावी असा आमचा नियम आहे आणि अविवाहितांना आम्ही संमती देत नाही. हे कोणाला रुचो वा न रुचो, पण रात्री दोन वाजता तक्रारीचा फोन मलाच येतो.

एकटीच_राहते

मी ती 'अविवाहित'. सचिव महोदयांसारख्या समित्यांनी मला आजवर जे प्रश्न विचारले ते येथे नोंदवून ठेवते: घरी कोण येते, किती वाजता परत येता, मासे शिजवता का, आणि लग्नाचे वय झाले असताना आई-वडिलांबरोबर का राहत नाही. मी सनदी लेखापाल आहे. अशाच एका सोसायटीचे लेखापरीक्षण मी केले आहे, पण त्याच इमारतीत मला घर मिळाले नाही. तेथील अध्यक्षांनी मला मोठ्या आपुलकीने सांगितले की, 'बेटा, तुझ्याविषयी काही नाही, पण पायंडा पडतो.' भाडेवाढीची झळ आम्हाला दुप्पट बसते, कारण दहांपैकी सात दारे आधीच बंद असतात आणि उरलेल्या तिघांना हे ठाऊक असते. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना मराठी म्हणूनच कार्यालयासाठी जागा नाकारली तेव्हा सारा महाराष्ट्र पेटून उठला होता. त्या वेळी संतापलेल्यांपैकी कितीजणांच्या सोसायटीत 'फक्त फॅमिली' अशी अट आहे, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

सचिव (मानद)

मुलुंडची गोष्ट वेगळी होती. तो भाषेचा अपमान होता. ही शिस्तीची बाब आहे. दोहोंची सरमिसळ करू नये.

एकटीच_राहते

ज्याला दार बंद मिळते त्याला दोहोंत फरक दिसत नाही, सचिव काका.

गिरगावचा जुना

आपण सारे पुणेकर अकरा महिन्यांच्या दुःखात बुडाला आहात, म्हणून मुंबईची एक आठवण करून देतो. 1947 च्या भाडे कायद्याने आमच्या चाळीचे भाडे 1940 च्या पातळीवर गोठवले. मालकाला महिन्याकाठी मिळत असे त्यात जिन्यातील दिवाही बदलून होत नसे, म्हणून त्याने चाळीकडे पाहणेच सोडले. पागडी, म्हणजे भाड्याच्या हक्कासाठी एकरकमी पैसे, देऊन आलेले भाडेकरू स्वतःला मालक समजू लागले, आणि मालक पावती फाडण्यापुरता उरला. 1997 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी झाल्याचे म्हटले, त्यानंतर 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि जुन्या भाडेकरूंना वर्षाला 4 टक्के वाढ लागू झाली; पण तोवर छताच्या तुळया वाळवीने खाल्ल्या होत्या. आमच्या घरात आजही पावसाळ्यात पलंग सरकवावा लागतो. भाड्यावर सरकारने मर्यादा आणावी असे कोणाच्या मनात येत असेल तर त्याने आधी आमच्या चाळीत एक पावसाळा काढावा.

मुठाकाठ

मर्यादा आणा असे मी कोठेही म्हटलेले नाही. नूतनीकरणापूर्वी तीन महिने आधी आकडा सांगावा, एवढी माझी अपेक्षा आहे. गोठवलेले भाडे आणि पंधरा दिवसांत छत्तीस टक्क्यांची उडी यांच्या मध्ये बरीच जागा आहे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात वाढीची लेखी सूचना तीन महिने आधी द्यावी आणि राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. परंतु तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आणि आपल्याकडचे व्यवहार अजून 1999 च्या कायद्यावरच चालतात.

कर्वेनगरची मालकीण

तीन महिने आधी सूचना देण्यास माझी हरकत नाही, पण भाडेकरूही तीन महिने आधी सांगतील काय? माझ्या एका मैत्रिणीचा भाडेकरू मुदत संपूनही हलला नाही. तिने थोडे पैसे वाचवण्यासाठी करार कागदावर केला होता, नोंदणी केलेली नव्हती. वकिलाने सांगितले की नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे, आणि ती नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच सुरुवातीला ग्राह्य धरले जाते. नोंदणी असती तर 1999 च्या कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन दुप्पट दराने पैसे मागता आले असते. तेव्हापासून मी सावध झाले आहे. आणि सावध माणूस अकरा महिन्यांचाच करार करतो, हे मुठाकाठांनी समजून घ्यावे.

मुठाकाठ

समजले. परंतु आपल्या मैत्रिणीच्या भाडेकरूचा दंड मी का भरावा, हे मात्र समजले नाही. शिवाय अकरा महिन्यांनी आपले कोणतेच रक्षण होत नाही. महाराष्ट्रात करार अकरा महिन्यांचा असो वा छत्तीस, नोंदणी बंधनकारकच आहे. तीन वर्षांचा करार करून दरवर्षीची वाढ त्यातच लिहिली तर एजंटची दक्षिणा दोनदा वाचते आणि दोघांनाही झोप लागते.

हप्तेवाला

तीन वर्षांच्या करारात वाढ ठरलेली असेल तर भाड्याने राहणे तितकेसे वाईट नाही, इतके मी मान्य करतो. असा करार करणारा मालक सापडला की त्याचा जाहीर सत्कार करू. हार मी आणतो.

कर्वेनगरची मालकीण

हार ठेवून द्या. माझ्या आत्ताच्या भाडेकरूंना मी या दिवाळीनंतर तीन वर्षांचेच विचारणार होते, पण आमची समिती म्हणते की दर अकरा महिन्यांनी नवा करार दाखवल्याशिवाय ना-हरकत पत्र मिळणार नाही. शिवाय बिनभोगवटा शुल्क दर कराराबरोबर वाढते. सचिव महोदय, आपल्याकडे हे शुल्क किती घेतात?

सचिव (मानद)

महिना नऊशे रुपये. ठराव सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर झालेला आहे.

एकटीच_राहते

1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, आणि सेवाशुल्कात मिळकतकर धरायचा नसतो. नऊशे घ्यायचे तर आपल्याकडे सेवाशुल्क नऊ हजार असले पाहिजे. ते किती आहे?

सचिव (मानद)

अडीच हजार. मात्र या आदेशाची प्रत आमच्या दप्तरात नाही.

एकटीच_राहते

मग अडीचशे. उरलेले साडेसहाशे प्रत्येक मालक दर महिन्याला भाड्यात मिळवत असणार. आपल्या पुढच्या लेखापरीक्षकाला ही नोंद मी आवडीने करून देईन, पण त्यासाठी मला इमारतीत येण्याची समितीची संमती लागेल काय?

कर्वेनगरची मालकीण

त्या आदेशाचा क्रमांक मिळाला तर येथे द्यावा. आमच्याकडे साडेसातशे घेतात. आणि बाई, तुम्हाला अजून घर हवे असेल तर मला निरोप पाठवा. मासे शिजवायला माझी ना नाही, फक्त भिंतीवर काही चिकटवू नका.