मदत हवी आहे : पुराच्या टेबल-सरावात एकाजवळची माहिती सर्वांपर्यंत कशी पोहोचवावी?

नमस्कार.

अमळनेर परिसरातील एका महाविद्यालयात मी राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहतो. गेली दोन वर्षे आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर विद्यार्थी आणि तापीकाठच्या गावांतील काही ग्रामस्थ यांना एकत्र बसवून पुराचा सराव घेतो. नदीवर उतरून करायची ही रंगीत तालीम नव्हे. भिंतीवर नकाशा, समोर घड्याळ आणि प्रत्येकाच्या हातात आपापल्या भूमिकेचे पाकीट, एवढेच साहित्य असते. पाटबंधारे, महसूल, पोलीस पाटील, आरोग्य आणि ग्रामपंचायत अशा पाच भूमिका असून दर दहा मिनिटांनी प्रत्येकाला नवी चिठ्ठी मिळते.

यंदाचा कल्पित प्रसंग असा होता की तापीवरच्या हतनूर धरणाचे सर्व ४१ दरवाजे उघडले आहेत आणि काठावरच्या एका गावातून दिवस भरलेल्या बाईला ग्रामीण रुग्णालयात न्यायचे आहे. तिची चिठ्ठी आरोग्याकडे होती, तर फरशी पुलावरून कमरेइतके पाणी वाहत असल्याची चिठ्ठी पोलीस पाटलाकडे होती. दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर बसले असूनही रुग्णवाहिका त्याच फरशीवरून पाठवण्याचा निर्णय झाला. पोलीस पाटलाची भूमिका करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या शेतकरी काकांना मी नंतर विचारले, तेव्हा घडी घातलेली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवत ते एवढेच म्हणाले, "माले कोनी इचारंच नही." तेव्हापासून हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

त्या वेळी बाकीचे चौघे काय बोलत होते, हे मी टिपून ठेवले आहे. ते धरणाच्या विसर्गाविषयी बोलत होते, आणि तो आकडा सर्वांच्याच चिठ्ठीत होता. जी माहिती सर्वांकडे असते तिच्यावरच गट चर्चा करत राहतो आणि एकाच सदस्याकडची माहिती मागे पडते, हे स्टॅसर आणि टायटस या संशोधकांनी १९८५ साली प्रयोगांतून दाखवले होते. ते मी वाचलेले होते, तरीही सराव आखताना त्याचा उपयोग मला करून घेता आला नाही, याची खंत वाटते.

पहिल्या वर्षी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपचा गट केला होता. अर्ध्या तासात शंभराहून अधिक संदेश आले आणि कामाचा संदेश त्यांत बुडून गेला. यंदा एका विद्यार्थ्याला फळ्यावर लिहायला बसवले, परंतु त्याला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच फळ्यावर चढले. शिवाय विसर्गापुढे एकक न लिहिल्यामुळे काहींनी तो आकडा क्युसेक (सेकंदाला घनफूट) समजून वाचला, तर काहींनी क्युमेक (सेकंदाला घनमीटर). एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक, त्यामुळे पुढचे सगळे अंदाज चुकले. सर्वांना सर्व चिठ्ठ्या देऊन टाकाव्यात, असेही एका सहकाऱ्याने सुचवले. मला ते पटत नाही, कारण खऱ्या पुरात कोणाकडेही सगळी पाकिटे नसतात.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नियोजन विभागाखाली परिस्थितीची माहिती गोळा करणारे स्वतंत्र पथक सांगितले आहे. पाच जणांच्या गटात ते काम एकाकडे सोपवले तर निर्णय घेणारा एक माणूस कमी होतो. ते परवडते का? सुरुवातीला अर्धा तास भूमिकांची अदलाबदल केली, तर कोणाकडे कोणती माहिती असते हे लोकांच्या लक्षात राहते का, की तीन तासांच्या सरावात तो वेळ वाया जातो?

तहसील किंवा जिल्हा पातळीवर असे सराव घेतलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा. विशेषतः गावातला वडीलधारा माणूस, समोर शिकलेली मुले आणि साहेबांच्या भूमिकेतले लोक बसलेले असताना, कोणी विचारण्याची वाट न पाहता बोलू लागेल, यासाठी सरावाच्या नियमांत आपण नेमके काय लिहिले होते?