मदत हवी आहे: दुहेरी नागरिकत्व बहुसांस्कृतिक धोरणात मोजायचं का?

कॅनडा आणि फ्रान्स यांची स्थलांतरितांबाबतची धोरणं ताडून पाहतेय. लोकसंख्येत विविधता असणं वेगळं आणि सरकारने ती जपायचं धोरण आखणं वेगळं. मला फक्त दुसरं हवंय. मूलनिवासींचे हक्क सध्या बाजूला ठेवलेत, त्यांचा आधार निराळा आहे.

आधी नुसत्या अधिकृत घोषणा पाहिल्या. कॅनडात 1971चं बहुसांस्कृतिक धोरण, 1982च्या हक्कांच्या सनदेतलं 27वं कलम, मग 1988चा कायदा, म्हणजे सगळं लेखी. पण घोषणेवरून खर्च किंवा अंमलबजावणी कळत नाही, म्हणून बँटिंग आणि किमलिका या अभ्यासकांच्या, देशांची बहुसांस्कृतिक धोरणं गुणांत मोजणाऱ्या निर्देशांकाकडे वळले. त्यात आठ निकष आहेत: कायदेशीर मान्यता, अभ्यासक्रम, प्रसारमाध्यमं, पोशाखातली सवलत, दुहेरी नागरिकत्व, संघटनांना अनुदान, मातृभाषेतून शिक्षण आणि वंचित स्थलांतरितांसाठी विशेष उपाय. प्रत्येकाला 0, 0.5 किंवा 1 गुण.

घोडं अडलंय ते दुहेरी नागरिकत्वापाशी. फ्रान्स ते देतो, पण त्याच फ्रान्सने 2004च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी घातली. तिथे एक गुण मिळतो तो संस्कृतीला मान्यता म्हणून की निव्वळ नागरिकत्व कायद्याच्या जुन्या परंपरेमुळे? निकष वगळून सातवर बेरीज केली, तर मूळ निर्देशांकाशी तुलना तुटते. शिवाय सोयीचे निकष निवडल्याचा आक्षेप येणारच.

‘कॅनडाचा कायदा वाच’ हे उत्तर नको, वाचलाय. हा निकष ठेवून त्याचं वजन कमी करायची सर्वमान्य पद्धत आहे का, की आठही गुण सुटे दाखवून बेरीजच टाळावी?